पेन्शन मेव्हण्याच्या खात्यात

परतूर, ४ फेब्रुवारी २०२४

साहेबराव यांस,
विषय : फेब्रुवारीची पेन्शन आपल्या खात्यात वर्ग केल्याबाबत.

हसू नका. जिल्हा परिषदेच्या शाळेत उभा जन्म गेला, शेवटी हेडमास्तर म्हणून निवृत्त झालो. विषय लिहिल्याशिवाय माझा पेन पुढं सरकत नाही.

परवा तुम्ही येऊन जे सांगून गेलात तसंच केलं. आमचं काय झालं ते तुम्हाला ठाऊकच आहे, पण लिहिलं की मन हलकं होतं म्हणून लिहितो. माझा पुतण्या बबलू वाटूर फाट्यावर मंगल कार्यालय काढतो म्हणाला. पतसंस्थेचं कर्ज त्याचं, जामीन मी. पहिल्या हंगामात तिथं तीन लग्नं लागली, त्यातलं एक त्याचं स्वतःचं. मग तो बायकोला घेऊन पुण्याला गेला तो गेलाच. पतसंस्थेनं माझं वाटूरचं घर लिलावात नेलं. ग्रॅच्युइटी मी आपल्या पायानं नेऊन भरली. तरी अकरा लाख बाकी दाखवतात. आता इथं भाड्याच्या दोन खोल्यांत आम्ही दोघं, आणि महिन्याची चौतीस हजार पेन्शन. बाकी काही उरलं नाही.

तुम्ही म्हणालात, पुढचा नंबर पेन्शनचा. ती स्वतःच्या खात्यात ठेवणं म्हणजे वसुलीवाल्यांना जेवायला बोलावणं. तुमची अक्का लगेच म्हणाली, "माझ्या भावाकडं ठेवली म्हंजी देव्हाऱ्यात ठेवली." म्हणून पूर्ण रक्कम तुमच्या खात्यात पाठवली आहे. दर महिन्याला पाठवीन. फोन रेकॉर्ड होतो असं तुम्ही सांगितल्यापासून मोबाइल बंद करून पिठाच्या डब्यात ठेवला आहे. इथून पुढं पत्रानंच बोलू.

आपला,
कारभारी


जालना, १२ फेब्रुवारी २०२४

दाजी, रामराम.

पैसे आले. बराबर आले. तुम्ही बिलकुल काळजी करू नका. सख्ख्या बहिणीचा संसार हाये, माझा जीव गेला तरी तुमच्या पैशाला धक्का लागू देणार न्हाई.

माझी निम्मी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली आन् निम्मी जमिनीच्या केसेसपायी कोर्टाच्या आवारात. आतून कोर्ट मी पाह्यलं न्हाई. पण बाहेरच्या टपरीवर चहा पिता पिता जेवढा कायदा समजतो तेवढा आत बसून समजत न्हाई. म्हणून सांगतो. कुणी म्हणल, गुरुजी, नादारीचा अर्ज करा, म्हंजी माझ्याच्यानं कर्ज फिटत न्हाई असं कोर्टाकडून जाहीर करून घ्या. बिलकुल ऐकू नका. नादार झालेल्या माणसाची पेन्शन तर जातेच, वरून चष्मा जातो, काठी जाते. अंबडकडल्या एका मास्तरची कवळी जप्त झाल्ती. बिचारा दोन वर्षं दूध-भातावर राह्यला.

तुम्हाला खर्चायला महिन्याला सहा हजार धाडत जाईन. आमचा पोरगा कल्याण परतूरच्या बाजूला येत-जात असतो, त्याच्या हातानं. दोघं म्हातारी माणसं, लागतंय किती? संध्याकाळी हलकं खाल्लेलं तब्येतीलाही बरं.

इकडं वरच्या मजल्याचं काम काढलंय. आपल्या जालन्यात सळई स्वस्त, तरी खर्चा आवरत न्हाई. ते जाऊ द्या.

अक्काला नमस्कार सांगा.

तुमचा,
साहेबराव


परतूर, ११ एप्रिल २०२४

साहेबराव यांस,
विषय : सौ. साखराबाई यांच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी तीस हजार रुपये मिळणेबाबत.

कवळीची हकीकत वाचल्यापासून मी माझी कवळी दिवसा काढून लपवून ठेवतो. दारावर कुणी आलं तर नीट बोलता येत नाही, पण जप्तीपेक्षा ते बरं.

तुमच्या ज्ञानाचा लाभ मी इतरांनाही करून दिला. इथं आमचं पेन्शनर मंडळ आहे, संध्याकाळी स्टेशनच्या बाकावर बसतं. तिथं मी पेन्शन कशी जप्त होते यावर सविस्तर बोललो. लोक अवाक झाले. तिघांनी त्याच आठवड्यात आपली पेन्शन जावयांच्या खात्यात वळवली. वसंता कारकुनाला मुलगीच नाही, तो बिचारा फार हळहळला.

आता मूळ विषय. तुमच्या अक्काच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे. परवा तिनं चहात मीठ घातलं. मी मुकाट्यानं प्यालो, कारण बोललो असतो तर ती रडली असती. गॅस पेटला की नाही ते ती हात जवळ नेऊन बघते. काल बोटं भाजली. डॉक्टर म्हणतात, उजवा डोळा आता लांबवू नका. मला भीती वाटते, साहेबराव. ती सांगत नाही, पण तिला माझा चेहरासुद्धा आता नीट दिसत नाही. मी कुठं बसलोय ते ती खोकल्यावरून ओळखते.

पैसे माझेच आहेत, तरी मागायला लाज वाटते. पण तीस हजार एवढे लगेच पाठवावेत ही विनंती.

आपला,
कारभारी


जालना, २५ एप्रिल २०२४

दाजी, रामराम.

पत्र वाचून डोळ्याला पाणी आलं. घरवालीला, मीनाला, वाचून दाखवलं, ती बी हळहळली.

पण दाजी, तुम्ही शिकलेले असून असं कसं बोलता? तीस हजार एकदम काढले की ब्यांकेचं कॉम्प्युटर लगेच कोर्टाला खबर देतं. मंग इचारतील, हे पैसे कुणाचे? मी काय सांगू? मला खोटं बोलता येत न्हाई, माझा स्वभावच तसा हाये.

आन् मोतीबिंदूला घाई नसते. तो पिकू द्यावा लागतो. कच्चा काढला तर डोळा अधू होतो, असं आमच्या गल्लीत सगळेच म्हणतात. फुकटचं शिबिर कुठं लागलं तर मी नजर ठेवून हाये. तवर अक्काला गाजर खाऊ घाला.

काल कल्याणच्या नव्या गाडीत समदे जांब समर्थला जाऊन आलो. गाडी म्हंजी काय, हप्त्यावरच हाये, पोराची हौस. तिथं तुमच्या नावानं नारळ फोडला. नारळाचे आन् दक्षिणेचे पैसे तुमच्या हिशोबात धरलेत, एवढं ध्यानात असू द्या. ह्या महिन्याला सहाऐवजी पाच धाडून राह्यलो. ब्यांकेचे चार्जेस लई वाढलेत.

तुमचा,
साहेबराव


परतूर, ७ जुलै २०२४

साहेबराव यांस,
विषय : वकील संध्या यांनी केलेल्या चुकीच्या मार्गदर्शनाबाबत तातडीचा खुलासा.

गेल्या रविवारी पेन्शनर मंडळानं शाळेच्या हॉलमध्ये कायद्यावर भाषण ठेवलं होतं. मला वाटलं मलाच बोलावतील. बोलावलं संध्याला. ही पोरगी वाटूरला माझ्याकडंच चौथीपर्यंत शिकली, आता जालन्याच्या कोर्टात वकिली करते.

ती म्हणाली, सरकारी किंवा जिल्हा परिषदेची पेन्शन कर्जापोटी जप्त करता येत नाही. माणसानं नादारीचा अर्ज केला तरी त्याची पेन्शन घेणेकऱ्यांच्या वाटणीत येत नाही. त्याच्या म्हातारपणाची भाकरी म्हणून कायद्यानं ती बाजूला काढून ठेवली आहे, आणि ही आजची गोष्ट नाही, इंग्रजांच्या काळापासूनची आहे.

मी उभा राहिलो. म्हणालो, "अंबडकडच्या मास्तरांची कवळी जप्त झाली, त्याचं काय?" कवळी माझ्या खिशात होती, त्यामुळं वाक्य नीट उमटलं नाही. मला ते पुन्हा म्हणावं लागलं. दुसऱ्यांदा सगळ्यांना कळलं आणि हॉलभर हसू फुटलं. हसले नाहीत ते तिघंच, जावयांच्या खात्यात पेन्शन वळवलेले. ते माझ्याकडं अशा नजरेनं बघत होते की मी आठवडाभर स्टेशनकडं फिरकलो नाही.

मी संध्याला म्हणालो, "चौथीत तुझे पाढे चुकत होते." ती म्हणाली, "अजून चुकतात गुरुजी. पण हे कलम चुकत नाही. तुमची पेन्शन कुणाच्या खात्यात जाते?" मी छत्री उचलून तिथून निघालो.

तिचं म्हणणं खोडून काढणारा मजकूर तुमच्याकडून लगेच यावा. मला तो मंडळात वाचून दाखवायचा आहे. माझी अब्रू पणाला लागली आहे.

आणखी एक. साखराही भाषणाला सोबत आली होती, घरी येताना ती शाळेच्या पायरीवरून पडली. पायरी तिला दिसलीच नाही. गुडघा सुजला आहे. रात्री जेवताना तिनं विचारलं, "कल्याणची गाडी कशी आली?" मी म्हणालो, "मुलगा कर्तबगार निघाला." ती म्हणाली, "कवा?"

डोळ्याच्या पैशाचं काय केलंत?

कारभारी


जालना, १६ जुलै २०२४

दाजी, रामराम.

त्या पोरीचं काय ऐकता? पुस्तकातला कायदा निराळा आन् जालन्याचा निराळा. तिला काळा कोट घालून किती दिवस झाले? मी तिच्या जन्माच्या आधीपासून कोर्टासमोर चहा पिऊन राह्यलो.

तिला पेन्शन कुणाच्या खात्यात जाते ते सांगू नका, एवढं हात जोडून सांगतो. तिचं पतसंस्थेशी काय साटंलोटं असल ते आपल्याला काय माहीत?

आन् नादारीचं डोक्यातून काढून टाका. नादार माणसाला लग्नात अक्षता टाकू देत न्हाईत. पोळ्याला बैल धरू देत न्हाईत. मयताला खांदा देऊ देत न्हाईत. तुमच्या दारावर कोर्टाचा शिपाई पाटी ठोकून जातो, आन् ती पाटी तुम्हालाच रोज पुसावी लागते. तुमच्यासारख्या मानाच्या माणसाला हे झेपल का?

पैशाची काळजी करू नका म्हणलं ना. ते पक्के हायेत. एकदम मजबूत जागी हायेत, भूकंप आला तरी हलायचे न्हाईत.

वरचा मजला झाला. वास्तुशांतीला तुम्हाला बोलावलं असतं, पण पतसंस्थेच्या माणसांनी पाह्यलं असतं तर उगं बोभाटा झाला असता. तुमच्याच भल्यासाठी बोलावलं न्हाई. गैरसमज करून घेऊ नका.

गुडघ्याला हळद लावा.

साहेबराव


परतूर, १९ सप्टेंबर २०२४

साहेबराव यांस,
विषय : आपले नाव.

दोन महिने लिहिलं नाही, कारण जालन्याला खेटे चालू होते. तुमच्या गल्लीवरूनच बस जाते. तुमचा वरचा मजला बसमधून बघितला. रंग छान आहे.

नादारीचा अर्ज कोर्टात दाखल झाला. संध्यानं लिहिला, मी सही केली. अक्षता, बैल आणि खांदा यांबद्दल मी तिला विचारलं. तिनं डोक्याला हात लावला. माझी कवळी त्या वेळी तोंडात होती, तीही कुणी मागितली नाही.

पेन्शनबद्दल ती जे बोलली होती ते अक्षरशः खरं निघालं. पतसंस्थेच्या वकिलालाही ते ठाऊक होतं. त्यांच्या शिपायाला ठाऊक होतं. स्टेशनसमोरच्या झेरॉक्सवाल्यालाही ठाऊक होतं. सात महिने मी कायद्यापासून जे लपवत होतो ते सांभाळायला कायदाच बसला होता. सप्टेंबरची पेन्शन मी माझ्याच खात्यात राहू दिली. दिवसभर घरी बसून वाट बघितली. न्यायला कुणी आलं नाही.

आता तुमचं नाव कसं आलं ते सांगतो. अर्जात आपल्याजवळ काय आहे ते सगळं सांगावं लागतं, दुसऱ्याकडं ठेवलेलं असेल तेसुद्धा. संध्या म्हणाली, "गुरुजी, पेन्शन तुमच्या खात्यात राहिली असती तर कुणी विचारलं नसतं. तुम्ही ती दुसऱ्याच्या हवाली केलीत. आता ते तुमचं त्याच्याकडचं येणं झालं. ती पेन्शनच आहे असा वाद मी घालीन, पण लपवू देणार नाही. लपवलंत तर कोर्ट तुमचीच कर्जातून होणारी सुटका अडवेल." म्हणून तुमचं नाव, पत्ता आणि तुम्ही परत धाडलेले वजा जाता सुमारे दोन लाख, असं लिहून दिलं आहे. नादार माणसाची मालमत्ता गोळा करायला कोर्ट रिसीव्हर नावाचा माणूस नेमतं. तो तुम्हाला लिहील.

तुम्ही घाबरू नका. पैसे पक्के आहेत असं तुम्हीच लिहिलं होतंत, मी तेच तोंडी सांगितलं.

कारभारी


जालना, ९ ऑक्टोबर २०२४

दाजी,

नोटीस आली. पोस्टमननं आख्ख्या गल्लीदेखत सही घेतली. समोरचा राधेश्याम किराणावाला इचारत होता, साहेबराव, काय बक्षीस लागलं का?

काय केलं हो हे? सख्ख्या मेव्हण्याचं नाव कोर्टात? मी तुमच्यासाठी काय न्हाई केलं? दर महिन्याला पैसे धाडले, जांबला नारळ फोडला, पत्राला पाकिटं घेतली त्याचे पैसे बी लावले न्हाईत. मीना दोन दिवस धड जेवली न्हाई. आता काय वरचा स्लॅब फोडून रिसीव्हरच्या अंगणात नेऊन टाकू? गाडी विकली तर कल्याणची सोयरीक मोडती. पोरीच्या बापानं गाडी पाहूनच होकार दिल्ता.

मी साफ लिहून देणार हाये की ते पैसे अक्कानं भावाला प्रेमानं दिल्ते. बहिणीनं भावाला काही देऊ नये असा कायदा हाये का कुठं? अक्का कोर्टात माझ्या इरोधात बोलणार न्हाई, मला माहीत हाये. लहानपणी माझ्यासाठी बापाचा मार खायची ती.

आन् लईच ताणलं तर मी बी नादारीचाच अर्ज करीन. एक तेवढं त्या वकीलीणबाईला इचारून जल्दी कळवा. माझ्या स्वतःच्या पेन्शनीला तर काय होत न्हाई ना?

हे पत्र अक्काला वाचून दाखवू नका. तिला उगं तरास नको.

साहेबराव


परतूर, २१ ऑक्टोबर २०२४

साहेब्या,

तुझं पत्र मला कुणी वाचून दाखवलं न्हाई. मी माझं वाचलं.

उजवा डोळा झाला. पेन्शन घरी राह्यली तर दवाखान्याला पैसे पुरले, एवढी साधी गोष्ट व्हती. पट्टी काढल्यावर तुझ्या दाजीला पाह्यलं. लई वाळलेत रे. सहा हजारात दोघं जगायचो तर हे आपल्या ताटातली भाजी माझ्या ताटात सरकवायचे, मला दिसत नव्हतं तेवढ्यात. मंग कपाटावर तुझी पत्रं सापडली. समदी वाचली. गाजराचं बी वाचलं.

तुला वाटत असल तुझं नाव दाजींनी दिलं. त्यांनी न्हाई दिलं. ते दोनदा जालन्याला गेले आन् दोनदा त्या पोरीला सांगून आले की पैसे घरात खर्ची पडले. जन्मात खोटं न बोललेला माणूस. मला म्हणले, "साखरा, एवढं एक माहेर राहिलंय तुझं, ते मी कोर्टात कसं लिहून देऊ?" तिसऱ्यांदा मी सोबत गेले. गुडघा दुखत व्हता, तरी गेले. मीच म्हणलं, लिहा, साहेबराव, राहणार जालना.

मला लई लागलंय, साहेब्या. पैशाचं न्हाई. ते तसंबी आता आमच्या हाती येतील का पतसंस्थेच्या, ते कोर्ट ठरवील, त्याचं मला काय वाटत न्हाई. पण हे तुझ्याकडं पैसे ठेवायला तयारच नव्हते. देव्हाऱ्यात ठेवल्यावानी राहतील म्हणून मीच ते धाडायला लावले. माझ्या शब्दावर त्यांनी भाकरी तुझ्या हवाली केली आन् तू मला डोळा पिकू दे म्हणालास. आई असती तर तुझं थोबाड फोडलं असतं तिनं.

मी प्रेमानं दिले असं सांगणार म्हणतोस. सांग. कोर्टात मी समोरच बसणार हाये. माझ्याकडं बघून सांग, आता मला तुझं तोंड साफ दिसतंय. मी तुझ्यासाठी बापाचा मार खाल्ला ते खरं, पण तवा चोरी तू लिंबाच्या गोळ्यांची करायचास.

कल्याणच्या सोयरीकीचं म्हणशील तर पोरीच्या बापाला खरं काय ते सांगून टाक. पोरगं चांगलं हाये, गाडीबिगर बी खपल.

तुझ्या पेन्शनीचं इचारलंस. ते मी तुझ्या आधीच इचारून ठेवलंय. तुझं नाव लिहायच्या अगोदर मी संध्याला म्हणलं, बाई, माझ्या भावाची पेन्शन तर कुणी घेणार न्हाई ना, मीना न् पोरं उपाशी तर पडणार न्हाईत ना? ती म्हणली, त्याच्या पेन्शनीला कुणी हात लावू शकत न्हाई. दोनदा इचारलं, दोनदा तेच म्हणली. तवा कुठं मी म्हणलं, आता लिही.

भाऊबीजेला मी येणार हाये. एकटी येईन, ह्यांना आणणार न्हाई. ओवाळणी टाकायची असली तर तुझ्या पेन्शनीतली टाक.

तुझी,
अक्का